हायब्रिड गाडीच्या हाय-व्होल्टेज बॅटरीतला फॉल्ट कसा शोधायचा: आधी काय, मग काय

स्कॅनर लावला, पी०ए८० कोड दिसला आणि गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, "बॅटरी गेली." सातारा-कराडपासून सांगली-मिरजेपर्यंत हायब्रिड गाड्या आता साध्या गॅरेजच्या दारातही यायला लागल्यात, आणि सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. या कोडचं नावच 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असं आहे, त्यामुळे वाचणारा फसतो. प्रत्यक्षात कॉम्प्युटरला एवढंच कळलेलं असतं की पॅकच्या एखाद्या भागाचं व्होल्टेज बाकीच्यांशी जुळत नाही. त्यामागे मेलेला सेल असेल, हिरवी बुरशी चढलेली तांब्याची पट्टी असेल किंवा केसांनी तुंबलेला पंखा असेल. म्हणून स्वस्त तपासण्या आधी, महाग नंतर. झाकण न उघडता जे कळतं ते आधी, झाकण सगळ्यांत शेवटी.

## १. गाडी नेमकी कुठली आहे ते बघा

'हायब्रिड' असा बिल्ला असलेली प्रत्येक गाडी या कामात मोडत नाही. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड अर्टिगा किंवा एक्सएल-६ मध्ये लिथियमची छोटी बॅटरी असते, पण ती १२ व्होल्टची. हाय व्होल्टेजची नारिंगी केबल दिसत नसेल तर हा लेख त्या गाडीसाठी नाही.

नारिंगी केबलवाल्या गाड्यांतही रसायन वेगवेगळं असतं. इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल, म्हणजे साधारण २०१.६ व्होल्ट. हायरायडर आणि ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये लिथियमचा १७७.६ व्होल्टचा पॅक. होंडा सिटी ई-एचईव्हीचा १७२.८ व्होल्टचा, तोही लिथियम. यातलं कुठलंही व्होल्टेज माणूस मारायला पुरेसं आहे. शॉक बसला की स्नायू आखडतात, हात सुटेलच असं नाही.

वॉरंटीही इथेच बघून घ्या. या तिन्ही कंपन्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी देतात. गाडी त्या मुदतीत असेल तर कोडचा फोटो काढा आणि गाडी शोरूमला पाठवा. तुम्ही पॅकचा एक बोल्ट जरी सोडवला तरी गिऱ्हाइकाचा दावा अडकू शकतो.

## २. तयारी

यातलं काही नसेल तर टप्पा ६ पर्यंतचंच काम करा. पुढे जाऊ नका.

- क्लास ० चे रबरी हातमोजे (१००० व्होल्ट एसीसाठी) आणि त्यावर घालायचे चामडी मोजे. वायरमनचे साधे रबरी मोजे चालत नाहीत.
- कॅट थ्री १००० व्होल्ट असं छापलेला मल्टिमीटर, आणि त्याच्या लीडवरही तेच छापलेलं हवं. बाजारातला पिवळा स्वस्त मीटर १२ व्होल्टच्या कामाला ठीक आहे, इथे नाही. मीटर चांगला आणि लीड दुसऱ्याच मीटरच्या, हा प्रकार तर सर्रास दिसतो.
- १००० व्होल्टची खूण असलेले पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर, रबरी मॅट, चष्मा.
- ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर.
- हायब्रिड कंट्रोल आणि बॅटरी ईसीयू (बॅटरीचा कॉम्प्युटर) दोन्ही वाचणारा स्कॅनर. मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दाखवतो.
- दुसरा माणूस, आणि त्याच्या हाताशी कोरडी लाकडी काठी. शॉक बसलेल्याला हाताने ओढायचं नसतं.

मोज्यांची तपासणी प्रत्येक वेळी करा: मनगटाकडून गुंडाळत आणा, हवा बोटांत कोंडा, कानाशी धरून ऐका. सुईएवढं भोक असलं तरी हवा निघते. असा मोजा कात्रीने कापूनच टाका, म्हणजे दुसरा कोणी चुकून घालणार नाही.

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. शर्टाच्या खिशातला पेनसुद्धा.

## ३. १२ व्होल्टची बॅटरी आधी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून सगळे ती गाळतात. हायब्रिडमध्ये लहान बॅटरी इंजिन फिरवत नाही, फक्त कॉम्प्युटर आणि रिले जागे करते. त्यामुळे ती अर्धमेली झाली तरी पटकन लक्षात येत नाही. मग कॉम्प्युटर आपसात नीट बोलत नाहीत आणि स्कॅनरवर कोडची माळ लागते.

१. रात्रभर उभ्या गाडीवर मोजा. १२.४ व्होल्टच्या वर असेल तर पुढे जा. १२ च्या खाली असेल तर पूर्ण चार्ज करा आणि पुन्हा सुरुवातीपासून तपासा.
२. गाडी 'रेडी' करा, म्हणजे डॅशवर 'रेडी'चा दिवा लागेपर्यंत चालू करा, आणि पुन्हा मोजा. साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवं. इथे अल्टरनेटर नसतो, हे काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. आकडा १२ वरच राहिला तर दोष कन्व्हर्टरच्या बाजूला शोधा.
३. निगेटिव्ह केबलचा बॉडीला लागणारा बोल्ट सोडून, घासून, परत आवळा.

सावधान: हायब्रिडवरून ट्रॅक्टर किंवा टेम्पोला जंप देऊ नका. लहान बॅटरी आणि कन्व्हर्टर त्या ओढीसाठी बनवलेले नसतात. आणि उलटी केबल लागली तर फ्यूजवर भागलं तर नशीब.

## ४. कोड वाचा, पुसू नका

कोड पुसला की त्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणजे कोड पडला त्या क्षणी वेग किती, चार्ज किती टक्के, पॅकचं तापमान किती, करंट किती, ही सगळी माहिती जाते, आणि अर्धं निदान तर तिथेच असतं. आधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो घ्या.

वरचेवर दिसणारे कोड आणि त्यांचा खरा रोख:

- पी०ए८०, पी०ए७एफ: पॅक कमजोर किंवा ब्लॉकमध्ये, म्हणजे सेलच्या गटांमध्ये, फरक. निकाल नव्हे, संशय.
- पी३०११ पासून पुढचे: अमुक नंबरचा ब्लॉक कमजोर. नंबर लिहून ठेवा, टप्पा ५ मध्ये लागेल.
- पी०एए६: हाय व्होल्टेज बॉडीला गळतंय. थेट टप्पा ८, पण मीटर किंवा मेगर लावण्याआधी टप्पा ७.
- पी०ए०डी: इंटरलॉक (झाकण-प्लग नीट बसलेत का ते बघणारं सर्किट) उघडा. गाडीला आधी कोणी हात लावला होता का, ते विचारा.
- पी०ए८२: बॅटरीचा पंखा. टप्पा ६.
- पी०एए१, पी०एए४: मुख्य रिले चिकटून बसलेला. हा असेल तर गाडी बंद केली म्हणजे केबल मेली, हे गृहीत धरायचंच नाही.

दोन-तीन कोड एकत्र असतील तर पंख्याचा आणि १२ व्होल्टचा आधी सोडवा. पंखा अडकून तापलेला पॅक पी०ए८० दाखवणारच.

आणि जे फॉल्ट नाहीत तेही ओळखा. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना बॅटरी भरते, मग गाडी ब्रेकचं चार्जिंग थांबवून इंजिन जोरात फिरवते. "घाटात पाय न देता गाडी ओरडते" ही तक्रार घेऊन माणूस आला आणि कोड एकही नसला, तर चहा पाजून घरी पाठवा.

## ५. लाईव्ह डेटा: फॉल्टचा खरा पत्ता इथेच लागतो

झाकण न उघडता सर्वांत जास्त माहिती इथे मिळते, म्हणून घाई नको. चार्ज ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास आणा. तळाला किंवा टोकाला असताना चांगला पॅकही वाकडा दिसतो.

१. गाडी 'रेडी'त, उभी, एसी बंद. सगळ्या ब्लॉकचे व्होल्टेज लिहा.
२. आता लोड द्या. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने स्क्रीन बघायची. एकट्याने दोन्ही करू नका. साताऱ्यात यवतेश्वरचा चढ यासाठी उत्तम. सांगलीकडे सपाट आहे, तिथे मोकळ्या रस्त्यावर थांबून जोरात वेग घ्या, एसी पूर्ण ठेवून.
३. उतरताना किंवा ब्रेक लावताना, म्हणजे चार्जिंगच्या वेळी, तेच आकडे परत लिहा.

आता तीन रकाने शेजारी ठेवा. आकड्यांपेक्षा त्यांची चाल बघा. खालची उदाहरणं जुन्या प्रियससारख्या पॅकची आहेत, ज्यात १४ ब्लॉक आणि प्रत्येकात १२ सेल असतात.

एक ब्लॉक लोडवर खोल जातो, चार्जिंगला सगळ्यांच्या वर उडतो. त्याचा अंतर्गत रोध वाढलाय. गणित सोपं आहे: व्होल्टेज किती पडलं भागिले करंट. उभ्या गाडीत १५.६, ६० अँपिअरवर १४.४, म्हणजे १.२ भागिले ६० = ०.०२० ओहम. शेजारचा ब्लॉक १५.५ वरून १३.१ वर आला तर ०.०४० ओहम. दुप्पट आहे, म्हणजे तोच आजारी.

एक ब्लॉक कायम साधारण १.२ व्होल्टने खाली, लोड असो वा नसो. त्यातला एक सेल शॉर्ट झालाय. निकेलच्या सेलचं व्होल्टेजच १.२ असतं.

शेजारचे दोन ब्लॉक: एक जितका खाली, दुसरा तितकाच वर. दोघांची बेरीज मात्र बरोबर. हा सेलचा दोष नव्हे. दोघांच्या मधल्या सामाईक जोडावर गंज चढलाय. हा प्रकार न ओळखल्याने चांगले पॅक भंगारात जातात.

आकडा उड्या मारतो किंवा शून्य. सेन्स वायर (ब्लॉकचं व्होल्टेज कॉम्प्युटरला सांगणारी) तुटलेली, नाहीतर उंदराने कुरतडलेली. गाडी उसाच्या फडाशेजारी किंवा गुऱ्हाळाजवळ उभी राहत असेल तर आधी हेच बघा.

सगळे ब्लॉक सारखेच खाली जातात. पॅक एकसारखा म्हातारा झालाय, किंवा करंट सेन्सर चुकीचं सांगतोय. गाडी बंद असताना करंट शून्याच्या जवळ दिसतो का ते बघून घ्या.

लिथियमच्या पॅकमध्ये सेलचे आकडे वेगळे दिसतात आणि फरक मिलिव्होल्टमध्ये बघायचा असतो. उभ्या गाडीत २०-३० मिलिव्होल्टचा फरक काळजीचा नाही. १०० च्या पुढे गेला आणि लोडवर वाढतच राहिला तर तो सेल नोंदवा आणि तिथेच थांबा. लिथियमचा पॅक उघडून सेल बदलणं हे रस्त्याकडच्या गॅरेजचं काम नाही.

तपासा: तिन्ही रकाने लिहिलेत का? फक्त उभ्या गाडीचा एक रकाना बघून दिलेला निकाल बहुधा चुकतो.

## ६. हवा

पॅक केबिनमधली हवा ओढून थंड होतो. ती आत घेणारी जाळी गाडीप्रमाणे सीटखाली किंवा मागच्या सीटच्या बाजूला असते. तिच्यावर पिशव्या, पायपुसणी, लग्नाच्या अहेराची पोती ठेवलेली सापडतात. माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या धुळीत फिरणाऱ्या गाडीत जाळी महिन्यांतच जाड होते.

जाळी काढा, ब्रशने साफ करा, डक्टमध्ये टॉर्च मारून उंदराचं घरटं बघा. स्कॅनरवरून पंखा फिरवा, हात लावून हवा ओढतोय का ते बघा. नुसता आवाज पुरेसा नाही. पाती धुळीने भरली की पंखा फिरतो पण हवा ओढत नाही. कॉम्प्रेसरची हवा मात्र पॅकच्या दिशेने मारू नका, सगळी घाण सेलमध्ये जाऊन बसेल.

साफ केल्यावर टप्पा ५ परत करा. कित्येक गाड्या इथेच सुटतात.

## ७. हाय व्होल्टेज बंद करणे

इथून पुढे मोजे हातात. क्रम बदलायचा नाही.

१. डिकी उघडा आणि उघडीच ठेवा. काही गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी डिकीत असते आणि डिकीचं कुलूप विजेवर चालतं. बॅटरी काढून डिकी बंद झाली की पुढचा अर्धा तास त्यातच जातो.
२. गाडी बंद. स्मार्ट किल्ली निदान पाच मीटर लांब, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. कोणाच्या खिशात नको.
३. १२ व्होल्टची निगेटिव्ह केबल काढा, टोकाला टेप गुंडाळा.
४. मोजे घालून सर्व्हिस प्लग (पॅकवरचा, साखळी तोडणारा प्लग) काढा. तो स्वतःच्या खिशात ठेवा, डॅशबोर्डवर नव्हे.
५. किमान १० मिनिटं थांबा. इन्व्हर्टरमधले कपॅसिटर तोवर रिकामे होतात. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा.
६. मीटर आधी चालू १२ व्होल्टवर तपासा. मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर मोजा: पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, पॉझिटिव्ह-बॉडी, निगेटिव्ह-बॉडी. तिन्ही ठिकाणी शून्य. मग मीटर परत १२ व्होल्टवर. शेवटची तपासणी कशाला? मध्येच मीटर बिघडला तर तोही 'शून्य'च दाखवतो.

सावधान: सर्व्हिस प्लग काढला म्हणजे पॅक मेला, हा सगळ्यांत धोकादायक गैरसमज. प्लग फक्त पॅकची साखळी मधून तोडतो. पॅकचे दोन्ही तुकडे आत जिवंतच असतात. झाकणाखाली मोजे काढायची वेळ कधीच येत नाही.

पुरात बुडालेल्या गाडीला तर आधी हाच टप्पा. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी सांगलीत किती आत येतं ते सगळ्यांनी बघितलंय. अशी गाडी 'रेडी' करून बघायची नाही, १२ व्होल्टही लावायचे नाहीत. पॅक बुडालेला असेल तर थेट कंपनीच्या सर्व्हिसला कळवा.

## ८. गळती: पी०एए६

टप्पा ७ करण्याआधीच, स्कॅनरवरून, गळती कुठल्या भागात आहे ते ठरवा. टोयोटा घराण्याच्या बऱ्याच गाड्यांत या कोडसोबत उपकोड येतो: ६११ एसीची बाजू, ६१२ बॅटरी, ६१३ ट्रान्सॲक्सल (मोटारी असलेला गिअरबॉक्स), ६१४ मधली डीसी लाइन. ५२६ एकटाच असेल तर जागा अजून ठरलेली नाही, गाडी थोडी चालवून परत वाचा. उपकोड नसेल तर कोड कधी पडतो ते बघा. इग्निशन ऑन करताच, रिले लागण्याआधी पडला तर संशय पॅकवर. एसी लावताच पडला तर कॉम्प्रेसरवर.

कॉम्प्रेसर. आपल्याकडे गळतीचं हे कारण हमखास राहून जातं. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये मोटारीची वायंडिंग तेलातच बुडालेली असते, म्हणून त्याला वीज न वाहणारं खास तेल लागतं. डेन्सोच्या कॉम्प्रेसरमध्ये एनडी-११. गॅस भरणाऱ्याने साध्या गाडीचं पॅग तेल मारलं, किंवा त्याच्या मशीनच्या नळीत आधीच्या गाडीचं तेल राहिलं होतं, तरी इन्सुलेशन खाली येतं. गिऱ्हाइकाला विचारा: "उन्हाळ्यात गॅस कुठे भरला होता?"

मेगर. सुट्या केलेल्या कॉम्प्रेसरवर, केबलवर किंवा मोटारीवरच लावा, टर्मिनल आणि धातूच्या कवचामध्ये. किती मेगओहम हवेत ते त्या भागाच्या मॅन्युअलमध्ये बघा. बॅटरी ईसीयू किंवा इन्व्हर्टर जोडलेला असताना ५०० व्होल्ट मारले तर शोधायला गेलेला फॉल्ट तुम्हीच तयार कराल.

पॅकमधली गळती मीटरने शोधणे. समजा २८ मॉड्यूलचा (सेलच्या बंद गठ्ठ्यांचा) निकेलचा पॅक गाडीतून काढलाय, एकूण व्होल्टेज २१०. मोजे घालून मीटरची एक क्लिप पॅकच्या धातूच्या कवचाला लावा, दुसरी पॉझिटिव्ह टोकाला. हात मागे घ्या, मग वाचा. आकडा दिसून हळूहळू शून्याकडे गेला तर गळती नाही. १५० वर ठाम उभा राहिला तर आहे. आता निगेटिव्ह टोकाला लावा, तिथे ६० दिसेल. एका मॉड्यूलचे साडेसात व्होल्ट, म्हणजे ६० भागिले ७.५ = ८. निगेटिव्हकडून आठव्या आणि नवव्या मॉड्यूलच्या सांध्यापाशी टॉर्च मारा. तिथे मॉड्यूलमधून पाझरलेलं पांढरट, खारट दिसणारं काहीतरी कवचापर्यंत आलेलं सापडेल. ते अल्कली आहे, कातडी आणि डोळे जाळतं. बोट लावून बघू नका.

## ९. पॅक उघडल्यावर

उघडण्याआधी आणि प्रत्येक झाकण काढल्यावर फोटो. मॉड्यूल एकाआड एक उलटे बसवलेले असतात. एक जरी परत बसवताना फिरला तर पट्टी आवळताना थेट शॉर्ट होतो.

तांब्याच्या पट्ट्या एकेक करून काढा, सगळ्या एकदम नको. हिरवा-काळा थर घासून तांबं उजळ करा. नट टॉर्क पान्ह्यानेच आवळा. जुन्या प्रियसच्या पॅकमध्ये तो ५.४ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे फारच कमी. नेहमीच्या अंदाजाने हात चालवला तर स्टड फिरतो आणि मॉड्यूल वाया.

संशयित मॉड्यूलवर १२ व्होल्टचा ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब दोन मिनिटं लावा आणि व्होल्टेज बघा. शेजाऱ्यांपेक्षा एक व्होल्टच्या वर जास्त पडला तर आत एक सेल गेलाय. तुलना शेजाऱ्यांशीच करा, कागदावरच्या आकड्याशी नको.

एकच मॉड्यूल बदलून गाडी द्यायची का? आमचं मत: बाकीचे २७ लोडवर एकमेकांना धरून असतील तरच, आणि गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगून. जुन्या पॅकमध्ये दुसऱ्या पॅकचं मॉड्यूल टाकलं की काही महिन्यांत तिसरंच निकामी होतं आणि शिव्या तुम्हाला मिळतात. तीन-चार कमजोर निघाले तर पूर्ण पॅकचाच भाव काढा.

## १०. परत जोडताना

१. आत राहिलेला पान्हा, वॉशर, चिंधी शोधा. मोजून ठेवलेली हत्यारं मोजून परत घ्या.
२. सर्व्हिस प्लग बसवा आणि त्याचा खटका शेवटपर्यंत सरकवा. काही गाड्यांत तो उभा करून पुन्हा खाली सरकवावा लागतो. तो अर्धवट राहिला की पी०ए०डी येतो आणि गाडी 'रेडी' होत नाही. मग लोक बॅटरी परत उघडतात, दोष मात्र खटक्यात असतो.
३. १२ व्होल्टची निगेटिव्ह केबल सगळ्यांत शेवटी.
४. आता कोड पुसा. गाडी 'रेडी' करा, एसी लावा, पुढे-मागे घ्या.
५. टप्पा ५ चे तिन्ही रकाने नव्याने लिहा आणि जुन्या कागदाला टाचणी लावून गिऱ्हाइकाला दाखवा.

काढलेले मॉड्यूल किंवा पॅक भंगारवाल्याला द्यायचे नाहीत. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम, २०२२ प्रमाणे ते कंपनीच्या डीलरमार्फत किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवेत. तोवर टोकांना टेप लावून, कोरड्या जागी, गॅस वेल्डिंगपासून लांब ठेवा.